हात वर करून निवडलेला चीफ, जाहिरात देऊन नेमलेला चीफ

अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग) ‘फायर चीफ नेमणे आहे’, म्हणजे अग्निशमन दलाचा प्रमुख हवा आहे, अशी जाहिरात निघते, तेव्हा बाहेरच्याला ती साधी नोकरभरती वाटते. तिथल्या माणसांना तसं वाटत नाही. अशा बऱ्याच काउंट्यांमध्ये हे पद पहिल्यांदाच पगारी होत असतं. त्याआधी कित्येक वर्षं चीफ कोण, हे दलातले स्वयंसेवकच ठरवत आलेले असतात. वार्षिक सभेला स्टेशनात जमायचं, हात वर करायचे किंवा चिठ्ठ्या टाकायच्या. शेती करणारा, गॅरेज चालवणारा, शाळेची बस चालवणारा असा आपल्यातलाच एक जण चीफ व्हायचा. हा अधिकार स्टेशनातून काउंटीच्या कचेरीत कसा गेला, हे पाहिल्याशिवाय आजच्या भरतीवरून होणारी भांडणं कळत नाहीत.

स्वयंसेवकांची ही परंपरा देशापेक्षा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. सभासदांनी स्वतःच्या खर्चाने चामड्याच्या बादल्या आणि घरातलं सामान बाहेर काढायला पोती बाळगायची, असा तिचा करार होता. पुढे शंभर वर्षं शहरंही अशाच मंडळ्यांच्या भरवशावर होती. १८५३ मध्ये सिनसिनाटीने वाफेवर चालणारा बंब वापरात आणला आणि पगारी दल उभं केलं. हातपंप दाबायला डझनावारी माणसं लागत. वाफेच्या बंबाला थोडी पण शिकलेली माणसं पुरत. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये तोच रस्ता धरला. खेड्यांना मात्र असा बंब, त्याचे घोडे आणि पगार यांतलं काहीच परवडण्यासारखं नव्हतं. तिथे स्वयंसेवक राहिले ते राहिलेच.

८ ऑक्टोबर १८७१ ची रात्र शिकागोच्या आगीसाठी सगळ्यांना आठवते. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो हे लाकूडतोडीचं गाव आणि आसपासच्या वस्त्या जळाल्या. शिकागोत सुमारे ३०० माणसं गेली, पेश्टिगोच्या परिसरात किमान १,२००. गावाच्या वेशीबाहेरची आग विझवणं हे कोणाचं काम, याला त्या काळी उत्तरच नव्हतं. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, तेव्हा सरकार जागं झालं. पण ते जंगलापुरतं. १९२४ च्या क्लार्क-मॅकनेरी कायद्याने जंगलातल्या आगींसाठी केंद्र आणि राज्यांच्या पैशांची सांगड घातली. शेतातलं घर, गोठा, धान्याचं कोठार यांना सरकारी वाली मिळायला पुढेही बराच काळ गेला. म्हणजे झाडांना पहारेकरी आधी मिळाले, झाडांशेजारी राहणाऱ्या माणसांना नंतर.

हळूहळू राज्यांनी स्वतंत्र अग्निशमन जिल्ह्यांचे कायदे केले. वॉशिंग्टन राज्याचा कायदा १९३९ चा. लोकांनी मतदानाने जिल्हा उभा करायचा, मालमत्तेवर कर बसवायचा आणि कारभारासाठी कमिशनर निवडून द्यायचे. तिकडे शहराबाहेर घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना मालमत्ता कराच्या बिलात दिसणारी वेगळी ‘फायर डिस्ट्रिक्ट’ची ओळ इथूनच येते. आपल्याकडे अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत आहे. त्यामुळे खेड्यात कडब्याची गंजी पेटली की फोन तालुक्याच्या नगरपरिषदेला जातो.

पण सगळीकडे असा कर बसला नाही. टेनेसीतल्या ओबायन काउंटीचं स्वतःचं दल नव्हतं. साउथ फुल्टन हे शहर वर्षाला ७५ डॉलर घेऊन हद्दीबाहेरच्या घरांना सेवा देत असे. सप्टेंबर २०१० मध्ये तिथे एक घर पेटलं. त्या घराची वर्गणी भरलेली नव्हती, म्हणून दलाने आग विझवायला नकार दिला. लागेल ते पैसे आत्ता देतो, असं घरमालक सांगत होता. आग शेजाऱ्याच्या शेताकडे सरकली तेव्हा बंब आला, कारण शेजाऱ्याने वर्गणी भरलेली होती. जवानांनी शेजाऱ्याची हद्द वाचवली आणि घर त्यांच्यासमोर जळून गेलं. आतली तीन कुत्री आणि एक मांजर मेली. या प्रकारावर देशभर वाद झाला. मला त्यात जवानांचा दोष दिसत नाही. दोष आहे तो काउंटीचा. आग ही आपली जबाबदारीच नाही, असं मानून तिने वर्षानुवर्षं दिवस काढले. चीफ नेमणं म्हणजे आधी ती जबाबदारी आपली असल्याचं मान्य करणं.

चीफच्या कामात कागद शिरला तो विम्यामुळे. विमा कंपन्यांसाठी आयएसओ (इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस) ही संस्था प्रत्येक भागाच्या अग्निसुरक्षेला १ ते १० अशी श्रेणी देते. १ सर्वोत्तम, १० म्हणजे विम्याच्या हिशेबात तिथे दल नसल्यासारखंच. स्टेशनापासून रस्त्याने पाच मैलांपलीकडची घरं सहसा १० मध्येच जातात. श्रेणी ठरवताना पाणी, गाड्या, मनुष्यबळ यांबरोबर प्रशिक्षणाच्या नोंदीही तपासतात. मंगळवारी रात्री पोरांनी तीन तास सराव केला आणि कोणी लिहून ठेवलं नाही, तर तो सराव झालाच नाही असं धरलं जातं. त्याचा फटका अख्ख्या भागाच्या हप्त्यांना बसू शकतो. दिवसभर ट्रॅक्टरवर राबलेल्या माणसाने रात्री या वह्या भरायच्या, ही अपेक्षा मुळातच जड होती.

त्यावर पुढचे थर चढत गेले. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात १३ दिवस चाललेल्या वणव्यांत १६ माणसं गेली. मदतीला आलेल्या दलांना एकमेकांची भाषा, रेडिओ, हुकूम काहीच जुळवता आलं नव्हतं. त्या अनुभवातून घटनास्थळी एकाच साखळीने हुकूम चालवण्याची पद्धत आली. २००४ मध्ये तिला राष्ट्रीय चौकटीत बसवलं गेलं आणि केंद्राचं अनुदान त्या चौकटीशी बांधलं गेलं. १९७४ च्या कायद्यातून राष्ट्रीय अग्निशमन अकादमी उभी राहिली. मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गला जाऊन शिकून येणं ही अधिकाऱ्यांसाठी मानाची गोष्ट झाली. अनुदानाचे अर्ज, प्रमाणपत्रं, श्वसनयंत्रांच्या चाचण्या हे सगळं चीफच्या टेबलावर साचू लागलं.

आणि टेबलामागचं मनुष्यबळ आटत होतं. १९८४ मध्ये देशात जवळपास ९ लाख स्वयंसेवक होते. २०२० पर्यंत ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. त्याच काळात कामाचा भार वाढला. १९८० मध्ये देशभरातल्या दलांना १ कोटी ८ लाखांच्या घरात कॉल आले होते, २०२० मध्ये साडेतीन कोटींहून अधिक. आगी उलट कमी झाल्या. वाढले ते छातीत दुखणं, पडझड, रस्त्यावरचे अपघात. पूर्वी गावातल्या गिरणीतून भोंगा ऐकून धावणारा माणूस आता पन्नास मैलांवर कामाला जातो. दुपारी दोन वाजता पेजर वाजला तर गाडी काढायला कोण आहे, हा प्रश्न बहुधा पगारी चीफच्या मागणीचं खरं मूळ आहे.

१७ एप्रिल २०१३ रोजी टेक्सासमधल्या वेस्ट या छोट्या गावात खताच्या गोदामाला आग लागली. स्वयंसेवक काही मिनिटांत पोहोचले. थोड्याच वेळात आतल्या सुमारे ३० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ जण गेले. त्यांतले १२ जण मदतीला धावलेले होते. केंद्रीय रासायनिक सुरक्षा मंडळाने तपासाअंती जागेची पूर्वतयारी, घटनास्थळाचं नेतृत्व आणि घातक रसायनांचं प्रशिक्षण या त्रुटींवर बोट ठेवलं. त्या माणसांच्या धैर्यात तसूभरही कमी नव्हती. आत काय साठवलंय हे आधी जाऊन पाहणारं, त्याचा आराखडा करणारं आणि ‘मागे फिरा’ म्हणायचं केव्हा हे शिकवणारं कोणीतरी पूर्णवेळ असायला हवं होतं. ग्रामीण चीफच्या पगाराला जे लोक उधळपट्टी म्हणतात, त्यांनी वेस्टचा अहवाल वाचावा.

तरीही जाहिरात निघाली की स्वयंसेवक बिथरतात, आणि त्यामागे कारण आहे. अनेक काउंट्यांमध्ये पाच-दहा स्वतंत्र दलं असतात. इमारत, बंब, बँकेतलं खातं सगळं गावच्या संस्थेच्या नावावर. पॅनकेकच्या न्याहऱ्या आणि सोडती भरवून जमवलेलं. काउंटीने नेमलेल्या चीफला कागदावर अधिकार मिळतो, पण ज्या गाड्या त्याने पाठवायच्या त्या त्याच्या नसतात. आणि ज्यांनी त्या चालवायच्या त्यांना तो कामावरून काढू शकत नाही, कारण ते कामावर नाहीतच. उद्या ते आलेच नाहीत, तर सगळी व्यवस्था तिथेच बसते. फायर चीफच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये ‘रेड रिबन’ अहवाल काढला, तो याच संक्रमणावर: निव्वळ स्वयंसेवी दलापासून पगारी आणि स्वयंसेवक मिळून चालणाऱ्या दलापर्यंत.

उमेदवारांत बहुतेक वेळा दोन तऱ्हा दिसतात. एक, शहरातून निवृत्त झालेला अधिकारी: पदव्या, प्रमाणपत्रं, अर्थसंकल्पाचा अनुभव. दुसरा, तिथलाच सहायक चीफ: प्रत्येक शेताची वाट आणि प्रत्येक तळं ठाऊक. शहरात हायड्रंटला पाइप जोडला की पाणी सुरू. इथे हजार गॅलनची टाकी मिनिटाला दीडशे गॅलनच्या एका पाइपवर सात मिनिटंही टिकत नाही. मग रस्त्याकडेला कापडी हौद उघडायचा, टँकरने त्यात पाणी ओतून पुन्हा तळ्याकडे पळायचं आणि ही फेरी तुटू द्यायची नाही. ग्रामीण स्वयंसेवी दलांसाठीच्या राष्ट्रीय मानकात अपेक्षा आहे ती १४ मिनिटांत सहा माणसांची, तीही दहापैकी आठ वेळा. चार माणसांचा बंब चार मिनिटांत दारात, या सवयीने घडलेल्या अधिकाऱ्याला हे गणित नव्याने शिकावं लागतं. ते शिकता येतं. स्थानिक माणसालाही अर्थसंकल्प शिकवता येतो. मला विचाराल तर निवड समितीवर स्वयंसेवकांचा निदान एक प्रतिनिधी हवा आणि उमेदवाराने मुलाखतीआधी प्रत्येक स्टेशनात एकेक सरावाची रात्र काढायला हवी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कामगार सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने १९८० पासूनचे जुने नियम बदलून आपत्कालीन सेवांसाठी नवं, बरंच विस्तृत मानक प्रस्तावित केलं. वैद्यकीय तपासण्या, लेखी आराखडे, प्रशिक्षण यांचा खर्च झेपणार नाही, दारं बंद करावी लागतील, असं छोट्या स्वयंसेवी दलांनी सुनावण्यांत सांगितलं. नव्या चीफची निवड करणाऱ्या काउंट्यांनी हा वादही डोळ्यांसमोर ठेवायला हवा.