मॅग्नम काडतुसातली पावडर बदलताना

२०२० साली अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांमधली पावडरची, म्हणजे काडतुसात भरायच्या दारूची, फडताळं रिकामी झाली आणि पुढे बराच काळ ती नीट भरली नाहीत. तिथे असंख्य नेमबाज आपली काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाची करायची, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवायचा, पावडर तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. तिथल्या कायद्यात याला मुभा आहे. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. नेहमीचा डबा मिळेनासा झाला, तेव्हा या मंडळींपुढे एकच प्रश्न होता: याच्या जागी दुसरी कुठली पावडर चालेल? मॅग्नम, म्हणजे जादा जोराच्या काडतुसांची रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांसाठी तो सर्वांत नाजूक, कारण तिथे चुकीला फारशी जागाच नसते.

पावडर बनवणाऱ्या कंपन्या एक यादी छापतात. वर सर्वांत जलद जळणारी, खाली सर्वांत संथ. आपली पावडर सतराव्या क्रमांकावर असेल तर सोळावी किंवा अठरावी घ्यावी, असं कुणालाही वाटेल. हा मोह घातक आहे. यादी फक्त क्रम सांगते, दोन पावडरींमधलं अंतर सांगत नाही. शिवाय जळण्याचा वेग हा काही पावडरीचा कायमचा, ठरलेला गुण नव्हे.

हे समजायला १८८४ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून रायफलसाठी निर्धूर दारू तयार केली. बंद पोलादी भांड्यात ती जाळून त्याने दाब मोजले आणि त्यातून हाती आलेला नियम आजही वापरात आहे: भोवतालचा दाब जितका जास्त, तितकी ही दारू जलद जळते. उघड्यावर चिमूटभर पेटवली तर ती पिवळ्या ज्योतीने नुसती फुरफुरते. तीच पुंगळीत कोंडली की वायू तयार होतो, वायूने दाब वाढतो, दाबाने जळणं वाढतं आणि त्यातून आणखी वायू. या चक्राला आवर एकाच गोष्टीचा, तो म्हणजे पुढे सरकणारी गोळी. ती जागा करून देते, म्हणून दाब हाताबाहेर जात नाही. हा सगळा खेळ साधारण एका मिलिसेकंदात आटोपतो.

आता मॅग्नमकडे. १९३५ साली स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम बाजारात आणलं. गोळीचा व्यास .३८ स्पेशल या जुन्या काडतुसाचाच, पण पुंगळी तीनेक मिलिमीटर लांब ठेवली. हेतू असा की हे जोरकस काडतूस चुकूनसुद्धा जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. .३८ स्पेशलला वातावरणाच्या सुमारे १,१५० पट दाबाची मर्यादा आहे, तर .३५७ मॅग्नमला सुमारे २,४०० पट. मर्यादा दुपटीहून जास्त असली तरी ती ओलांडता येत नाही. मग वेग वाढवायचा कसा? दाबाचं शिखर तेवढंच ठेवून तो दाब जास्त वेळ टिकवायचा. जलद पावडर गोळी जागची जेमतेम हलली असतानाच शिखर गाठते आणि ओसरते. संथ पावडर गोळी नळीत पुढे धावत असतानाही वायू पुरवत राहते. म्हणून मॅग्नमला संथ पावडर लागते, तीही भरपूर.

संथपणा येतो कुठून? थोडा रसायनातून, बराचसा दाण्याच्या आकारातून. चुलीत ढलप्या भसकन पेटतात आणि ओंडका तासभर धुमसतो, तसंच इथे. भिंगाखाली पाहिलं तर युनिकसारख्या पावडरीचे दाणे पातळ चकत्यांसारखे दिसतात. ४२२७ या पावडरीचे दाणे बारीक कांड्यांचे. एच-११० ही पावडर म्हणजे जेमतेम दिसतील असे गोल कण, आणि त्यांच्यावर जळणं रोखून धरणाऱ्या रसायनाचा लेप. वरून ग्राफाइटचा करडा मुलामा, त्यामुळे दाणे एकमेकांना न चिकटता घळाघळा ओघळतात. तोफेच्या दारूच्या जाड दाण्यांना तर सात आरपार भोकं पाडतात, म्हणजे जळता जळता पृष्ठभाग वाढतच जातो. हे शास्त्र आपल्यालाही परकं नाही: भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत अशा दारूचं उत्पादन होतं आणि पुण्याच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेत तिच्यावर संशोधन चालतं.

एच-११० ची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. मॅग्नममध्ये पूर्ण वेग हवा असेल तर ती अव्वल. तीच पावडर ‘विंचेस्टर २९६’ या नावानेही विकली जाते, म्हणजे एक डबा संपला तर दुसरा हा खराखुरा पर्याय. पण हिचा एक कडक नियम आहे. साधारणपणे नवी पावडर वापरताना छापील कमाल मापाच्या बऱ्याच खालून सुरुवात करतात. इथे उत्पादकच बजावतो की तीन टक्क्यांहून जास्त कमी करू नका. लेप दिलेल्या या दाण्यांना पेट घ्यायला तापही हवा आणि दाबही. पुंगळी अर्धवट भरली तर प्रायमरचाच धक्का गोळीला पुढे ढकलतो, दाब चढत नाही, जळण अर्धवट राहतं आणि गोळी नळीतच अडकू शकते. ते लक्षात न येता पुढचा बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणूनच इथे दमदार मॅग्नम प्रायमर लागतो आणि गोळीभोवती पुंगळीची कड घट्ट आवळावी लागते. बाराच्या जोरदार झटक्याने रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातल्या शेजारच्या काडतुसाची गोळी पुढे सरकू नये, यासाठीही तीच आवळण उपयोगी.

२४०० नावाची पावडर त्या मानाने समजूतदार. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले नेमबाज आणि लेखक एल्मर कीथ हीच पावडर वापरून .४४ स्पेशलची जबर काडतुसं भरत. त्यांच्या पाठपुराव्यातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आलं. माप थोडं खाली आणलं तरी २४०० रुसत नाही. ४२२७ थोडा वेग गमावते, पण पुंगळी छान भरते.

आणि भरणं हे महत्त्वाचं आहे. संथ पावडर चुकून दोनदा पडली तर ओसंडून वाहते, डोळ्यांना दिसते. जलद पावडरीचं माप इतकं छोटं, की मोठ्या पुंगळीत दोन मापं मुकाट्याने मावतात. भरणयंत्रही आकारमानाने मोजतं, वजनाने नाही. पावडर बदलून यंत्राची खूण तशीच ठेवली तर वजन वेगळंच पडणार. दोन पावडरी मिसळणं तर कधीच नाही. प्रत्येक नव्या डब्यासाठी त्याच पावडरीचं, त्याच वजनाच्या गोळीचं छापील माप शोधावं लागतं. ते मिळालं नाही, तर ती पावडर त्या काडतुसासाठी नाहीच.

आखूड नळीला जलद पावडरच बरी, असा एक समज आहे. तो खरा नाही. आखूड नळीतही पूर्ण मापाची संथ पावडरच जास्त वेग देते. फरक एवढाच, की उरलेलं जळण तोंडाबाहेर होतं: मोठा भडका आणि कान बधिर करणारा आवाज. कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला त्या वेगाची गरज नसते. टंचाईत त्याने युनिकसारखी मध्यम पावडर, तिच्या छापील मापाने घ्यावी आणि वेग कमी मिळेल हे मान्य करावं, असं माझं मत आहे. डबाही जास्त दिवस पुरतो आणि मनगटही कमी दुखतं.