जे दुकानातच नाही, ते मागायचं कसं?

१९२६ साली जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी कंपनीने लिलियन गिलब्रेथ यांच्याकडे एक काम सोपवलं. पाळीच्या दिवसांत बायका जी पॅड वापरतात ती त्यांना कशी वाटतात, हे शोधून काढायचं होतं. गिलब्रेथ औद्योगिक अभियंता होत्या. कारखान्यातल्या कामगाराची प्रत्येक हालचाल तपासायची आणि वाया जाणारे श्रम वाचवायचे, हा त्यांचा आणि त्यांचे पती फ्रँक यांचा विषय. १९२४मध्ये फ्रँक अचानक गेले. तोवर दोघांचा सल्ला घेणाऱ्या अनेक कंपन्यांना एकट्या लिलियन नकोशा झाल्या. पदरात अकरा मुलं होती. कारखान्यांनी पाठ फिरवल्यावर त्यांनी आपलं शास्त्र स्वयंपाकघराकडे आणि बायकांच्या वापरातल्या वस्तूंकडे वळवलं.

पॅडच्या कामासाठी त्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या. हजाराहून जास्त बायकांनी उत्तरं दिली. ज्या विषयावर घरातही कुजबुजत बोललं जाई, त्यावर या बायकांनी अगदी मोकळेपणाने लिहिलं. पॅड फार मोठी आहेत, जाड आहेत, टोचतात, कपड्यांतून दिसतात. कित्येक जणी विकत आणलेलं पॅड घरी कापून, आतला थर कमी करून मगच वापरत होत्या.

कंपन्यांकडे असलेल्या विक्रीच्या आकड्यांत यातलं काहीही उमटत नव्हतं. पॅड खपत होती, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. कात्री चालत होती ती घरात, बंद दाराआड, आणि तिची नोंद कुठल्याच हिशोबाच्या वहीत होत नाही.

स्त्रियांना नोकरीत समान स्थान हवं, हा एक विषय मानला जातो. ग्राहक म्हणून स्त्रियांची ताकद मोठी आहे, हा दुसरा. पहिल्यावर हक्कांच्या भाषेत बोललं जातं, दुसऱ्यावर नफ्याच्या. माझ्या मते हे दोन वेगळे विषय नाहीतच. ग्राहक फक्त समोर मांडलेल्या वस्तूंना हो किंवा नाही म्हणू शकतो, आणि समोर काय मांडायचं हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं. त्या ठरवण्याच्या जागी बायका नसतील, तर खरेदीच्या ताकदीचा बराचसा भाग मुका राहतो.

‘७० ते ८० टक्के खरेदीचे निर्णय बायका घेतात’ हे वाक्य मार्केटिंगच्या जगात हमखास ऐकू येतं. मला ते खटकतं. बिलावरून पैसे कोणी दिले ते कळतं, निर्णय कोणाचा होता ते कळत नाही. शिवाय रोजचा किराणा कोण आणतं आणि घर किंवा गाडी घेताना शेवटचा शब्द कोणाचा असतो, हे दोन प्रश्न एकाच टक्केवारीत कोंबता येत नाहीत. नवऱ्याच्या आवडीचा साबण आणणारी बाई ‘निर्णय घेते’ म्हणायचं का? हा आकडा बायकांचा मान वाढवण्यासाठी वापरला जातो खरा, पण त्यामुळे सत्ता आधीच हाती आली आहे असा भास होतो.

घरातल्या निर्णयांचा अभ्यास अर्थशास्त्रात झाला आहे आणि तो या घोषणेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. बराच काळ अर्थशास्त्रज्ञ कुटुंबाला एकच ग्राहक मानत. पैसे आईच्या हातात आले काय किंवा वडिलांच्या, खर्च तसाच होणार, हे त्यामागचं गृहीतक. ते तपासण्याची संधी ब्रिटनमध्ये चालून आली. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथे मुलांसाठीच्या मदतीची पद्धत बदलली. आधी तिचा मोठा भाग करसवलत म्हणून बहुतेक वेळा वडिलांच्या पगारात दिसे. नंतर तो भत्ता म्हणून थेट आईच्या हाती पडू लागला. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलाक आणि टेरेन्स वेल्स यांनी १९९७मध्ये या बदलाच्या आधीचे आणि नंतरचे घरखर्च ताडून पाहिले. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपत असताना कृष्णवर्णीय वृद्धांचं पेन्शन बरंच वाढलं. एस्तेर डुफ्लो यांना २००३च्या अभ्यासात आढळलं, की पेन्शन आजीच्या हाती आलं तिथे घरातल्या नातींचं वजन उंचीच्या मानाने लक्षणीय सुधारलं. आजोबांच्या पेन्शनचा तसा परिणाम दिसला नाही.

म्हणजे स्त्रीचा बाजारातला प्रभाव तिच्या आवडीनिवडीपेक्षा तिच्या हातातल्या पैशावर ठरतो, आणि तो पैसा बहुतांशी कामातून येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात स्त्रियांची कमाई पुरुषांपेक्षा साधारण २० टक्क्यांनी कमी आहे. घरातल्या बिनपगारी सेवेच्या एकूण तासांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त तास त्यांच्या वाट्याला येतात, तेही याच संघटनेचं गणित.

या २० टक्क्यांमागे उघड भेदभाव किती आणि कामाची रचना किती, यावर क्लॉडिया गोल्डिन यांनी आयुष्य घालवलं. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. काही व्यवसायांत आठवड्याला दुप्पट तास देणाऱ्याला दुपटीहून बराच जास्त मोबदला मिळतो. रात्री दहाला फोन आला तरी जो हजर, तो वर चढतो. मूल झालं की दोघांपैकी एकाला घरासाठी उपलब्ध राहावं लागतं आणि बहुतेक वेळा ती आई असते. डेन्मार्कच्या नोंदींवरून हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी काढलेला आलेख मला फार बोलका वाटतो. पहिल्या मुलाच्या जन्मापर्यंत आई आणि बाप यांच्या कमाईच्या रेषा जवळजवळ समांतर जातात. जन्माच्या वर्षी आईची रेषा कोसळते आणि दीर्घकाळात ती सुमारे २० टक्क्यांनी खालीच राहते. बापाच्या रेषेला ओरखडाही उठत नाही. हे डेन्मार्कमधलं चित्र आहे, जिथे पाळणाघरं आणि पालकत्वाची रजा या दोन्ही गोष्टी इतर बहुतेक देशांपेक्षा चांगल्या आहेत.

गोल्डिन यांनी उलटं उदाहरणही दाखवलं. अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांच्या व्यवसायात संगणकीय नोंदी आल्या, औषधं प्रमाणित झाली आणि एक फार्मासिस्ट दुसऱ्याची जागा सहज घेऊ लागला. जास्त तासांना जादा भाव देण्याचं कारण संपलं आणि स्त्री-पुरुषांतली पगाराची तफावतही बरीच आटली. त्यासाठी कोणाचं मनपरिवर्तन करावं लागलं नाही, काम वेगळ्या पद्धतीने वाटलं गेलं.

आता समजा पैसे हातात आले. बाई गाडी घ्यायला गेली. ती रंग बघेल, इंजिन बघेल, सुरक्षेचे तारे मोजेल. पण ते तारे कोणाच्या शरीरावरून दिले, हे शोरूममध्ये दिसत नाही. अपघात चाचणीत सर्वाधिक वापरला गेलेला पुतळा ‘हायब्रिड ३’ हा १९७०च्या दशकात जनरल मोटर्सने घडवला. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो, सरासरी अमेरिकी पुरुषाचं माप. पुढे ‘स्त्री’ म्हणून जो पुतळा आला, तो याच पुरुषाची लहान केलेली आवृत्ती आहे. उंची जेमतेम दीड मीटर आणि वजन ५० किलोच्या आत. अमेरिकेतल्या ९५ टक्के स्त्रिया त्याच्याहून मोठ्या.

लहान केलेला पुरुष म्हणजे स्त्री नव्हे, हे मानेवरून समजतं. मागून धडक बसली की सीटची पाठ धडाला पुढे ढकलते, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मानेला हिसका बसतो. स्त्रीचं धड हलकं असतं. जड माणसाच्या हिशोबाने ताठ केलेली सीट तिच्या वजनाला पुरेशी दबत नाही, त्यामुळे ती जास्त वेगाने पुढे फेकली जाते. त्यात मानेचे स्नायू तुलनेने कमी ताकदीचे. अशा इजांचा धोका स्त्रियांना जास्त, असं अपघातांच्या नोंदी अनेक वर्षं सांगत होत्या. सरासरी स्त्रीच्या मापाचा, म्हणजे सुमारे १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोचा, मागच्या धडकेसाठीचा पुतळा स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२मध्ये जगासमोर आणला.

अमेरिकेतल्या अपघातांवरच्या २०११च्या एका अभ्यासात, सारख्याच प्रकारच्या अपघातांत, पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त निघाली. नंतरच्या विश्लेषणांनी यातला काही भाग वेगळा केला. बायका सरासरीने लहान, हलक्या गाड्या चालवतात, आणि तेही इजेचं एक कारण आहे. पण हा फरक वजा केल्यावरही पायांच्या इजांमधली तफावत उरतेच. इथे ग्राहकाच्या निवडीला काही करता येत नाही. सगळ्या गाड्या त्याच पुतळ्यावर तपासलेल्या असतील तर ‘दुसरी घ्या’ या सल्ल्याला अर्थ नाही.

हेच औषधांत झालं. झोपेचं झोल्पिडेम हे औषध अमेरिकेत १९९२मध्ये मंजूर झालं आणि स्त्री-पुरुषांना एकच मात्रा ठरली. स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना रक्तात धोकादायक पातळी राहू शकते. त्यांची शिफारस केलेली मात्रा निम्मी झाली २०१३मध्ये. पाळीची साधनं किती रक्त शोषतात हे ठरवायला तर कंपन्या पाणी किंवा मिठाचं पाणी वापरत आल्या. आजच्या पॅडपासून कपपर्यंतच्या साधनांची क्षमता मानवी रक्त वापरून मोजणारा अभ्यास अमेरिकेतल्या ओरेगॉनमधून प्रसिद्ध झाला तो २०२३मध्ये, गिलब्रेथ यांच्या १९२७च्या अहवालानंतर तब्बल ९६ वर्षांनी. पाकिटावरचे क्षमतेचे दावे आणि प्रत्यक्ष मोजणी यांत मेळ नव्हता. डॉक्टर मात्र ‘दिवसाला किती पॅड लागतात’ यावरूनच अतिरक्तस्रावाचं निदान करत आले आहेत.

हे प्रश्न आधी का विचारले गेले नाहीत? दुष्टपणामुळे नव्हे, असं मला वाटतं. ज्याला जी अडचण येत नाही, त्याला ती संशोधनाचा विषय म्हणून सुचत नाही. याचा मोजलेला पुरावा आहे. रेम्ब्रांड कोनिंग, संपसा समिला आणि जॉन-पॉल फर्ग्युसन यांनी १९७६ ते २०१० या काळातली ४ लाखांहून जास्त अमेरिकी वैद्यकीय पेटंटं संगणकाकडून वाचून घेतली. सगळ्या संशोधक स्त्रिया असलेल्या गटांची पेटंटं स्त्रियांच्या आरोग्याशी निगडित असण्याची शक्यता सर्व-पुरुष गटांपेक्षा ३५ टक्के जास्त होती. आणि अमेरिकी पेटंटधारकांत स्त्रियांचं प्रमाण २०१९मध्ये १३ टक्क्यांच्याही खाली होतं. या दोन आकड्यांना शेजारी ठेवलं की न लागलेल्या शोधांची लांबलचक यादी डोळ्यांपुढे येते, आणि मला त्याचा खरोखर राग येतो.

मात्र खुर्चीत बाई बसवली की काम झालं, असंही नाही. २०१२मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात १२७ विज्ञान प्राध्यापकांना एकच अर्ज दिला गेला, काहींना जॉन या नावाने आणि काहींना जेनिफर या नावाने. जॉनला सुमारे ३०,२०० डॉलर पगार सुचवला गेला, जेनिफरला सुमारे २६,५०० डॉलर. अर्ज तपासणाऱ्या प्राध्यापक स्त्रियांनीही जेनिफरला कमीच लेखलं. मोजण्याची पद्धत तीच राहिली, तर मोजणारा बदलून फार फरक पडत नाही.

ग्राहक म्हणून एकत्र येऊन कामाच्या जागा बदलण्याचा प्रयत्न मात्र जुना आहे. १८९१मध्ये न्यूयॉर्कच्या ग्राहक संघाने दुकानांची ‘पांढरी यादी’ छापली. विक्रेत्या मुलींना रास्त पगार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असे ठरलेले तास आणि काउंटरमागे बसायला स्टूल देणारी दुकानंच यादीत. दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या मुलींसाठी स्टूल ही मागणी किरकोळ नव्हती. पुढे १८९९मध्ये फ्लोरेन्स केली यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय संघाने कपड्यांना पांढरं लेबल द्यायला सुरुवात केली. केली स्वतः आधी इलिनॉय राज्याच्या कारखाना निरीक्षक होत्या, त्यामुळे आत काय बघायचं हे त्यांना ठाऊक होतं. कपड्यावरून न दिसणारी गोष्ट, म्हणजे तो शिवणारीचे हाल, त्या लेबलमुळे खरेदी करणारीला दिसू लागली. पण लेबल सर्वांपर्यंत पोचत नाही, हेही केली यांनी ओळखलं आणि त्या कायद्यांसाठी झगडत राहिल्या.

आज लेबलची जागा पगाराच्या जाहीर आकड्यांनी घेतली आहे. ब्रिटनमध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना २०१७पासून स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत जाहीर करावी लागते. डेन्मार्कने हे २००६मध्येच सुरू केलं होतं आणि तिथला परिणाम संशोधकांनी नीट तपासला आहे. तफावत कमी झाली, पण ती प्रामुख्याने पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे. स्त्रियांच्या पगारात मोठी उडी दिसली नाही. दरी अरुंद झाल्याचं अहवालात छापता आलं, पण त्या बाईच्या हातात महिन्याच्या शेवटी येणारी रक्कम जवळपास तेवढीच राहिली.