सहकुटुंब गाणं बघणं (नागपूर)

सहकुटुंब गाणं बघणं म्हणजे आजी-आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सगळ्यांनी एका खोलीत बसून शास्त्रीय गाण्याचा सिनेमा किंवा कार्यक्रम टीव्हीवर बघायचा, आणि बघता बघता ज्याला कळतं त्याने बाकीच्यांना सांगायचं. हे सांगणं महत्त्वाचं, ते नसेल तर नुसता टीव्ही चालू असतो.

नागपुरात या गोष्टीला घरचा धागा आहे, तो म्हणजे 'कट्यार काळजात घुसली'. हे नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर म्हणजे आपले दारव्हेकर मास्तर, रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था उभी करणारे. नाटकात खांसाहेब या गायकाची भूमिका गाजवणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे, पण लहानपणी गाणं शिकले ते नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे. सिव्हिल लाइन्समधलं देशपांडे सभागृह त्यांच्याच नावाचं, रोज त्याच्यावरून जाणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. नाटक आलं १९६७ ला, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, सिनेमा आला २०१५ च्या दिवाळीत, म्हणजे मधे ४८ वर्षं, त्यामुळे कितीतरी घरांत आजोबांनी नाटक पाहिलेलं, बाबांनी कॅसेट झिजवलेली आणि नातवाला तीच पदं थेटरात पहिल्यांदा भेटली असं झालंय. सिनेमात खांसाहेब झालेत सचिन पिळगावकर, पण त्यांच्या नाट्यपदांना गळा आहे राहुल देशपांडेंचा, जे वसंतरावांचे सख्खे नातू. पुढे २०२२ ला आलेल्या 'मी वसंतराव'मधे तर नातवानेच आजोबांची भूमिका केली आणि त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. तीन पिढ्यांनी एकत्र बसून बघायला याहून चांगलं काय पाहिजे!

पडद्यावर गाणं आधीपासूनच आहे. 'बैजू बावरा' (१९५२) मधे आमीर खाँ आणि डी. व्ही. पलुस्कर यांची देसी रागातली जुगलबंदी, 'बसंत बहार' (१९५६) मधे भीमसेन जोशी आणि मन्ना डे. सिनेमाला सामना आवडतो, कोण जिंकलं ते दिसतं म्हणून लहान मुलंही खिळून बसतात. अडचण एकच, यातून गाणं म्हणजे कुस्ती असा समज होतो आणि विलंबित ख्याल, म्हणजे अगदी सावकाश लयीत रंगत जाणारं रागाचं गाणं, तर पडद्यावर जवळपास नसतोच. विलंबित एकताल या तालाच्या १२ मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरा, मिनिटभर चालू शकतं, आणि सिनेमातलं अख्खं गाणंच चार-पाच मिनिटांचं, मग कसं बसणार. म्हणून सिनेमाने गोडी लागली की तोच राग एखाद्या मैफिलीच्या रेकॉर्डिंगमधे ऐकवावा असं माझं ठाम मत आहे.

दूरदर्शनचा काळ आठवणाऱ्यांसाठी १५ ऑगस्ट १९८८ ला लागलेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा' हा पहिला धडा, भीमसेनजींच्या आवाजातल्या भैरवी रागाने सुरू होणारा, तेव्हा घरोघर पोरं त्यांच्यासारखे हात फिरवायची.

आता प्रत्यक्ष बघणं कसं होतं ते. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरच्या घरघरीत तानपुरा पार बुडून जातो, शिवाय पातळ टीव्हीच्या बारक्या स्पीकरला खर्ज, म्हणजे खालचे स्वर, आणि तबल्याचा डग्गा झेपत नाही. म्हणून हौशी घरांत वेगळा स्पीकर जोडतात, खोली आधी गार करून घेतात आणि आलाप सुरू झाला की कूलर बंद. वीस मिनिटं घाम पुसत ऐकायचं. अशा वेळी शेजारी बसलेली आठ वर्षांची नात विचारते, "आबा, हे काका एकच ओळ कितीदा म्हणून राहिले?" आणि आबा म्हणतात, "ओळ तीच आहे, पण दर वेळी दुसऱ्या रस्त्यानं येऊन राहिले पाह. आपण कधी महालातून बर्डीला जातो, कधी धंतोलीकडून, पोचतो बर्डीलाच ना? ते पोचले की टाळी दे." मग ती समेची, म्हणजे गाणं फिरून तालाच्या पहिल्या मात्रेवर येतं त्या जागेची, वाट बघत बसते, दोनदा चुकते, तिसऱ्यांदा तिची टाळी बरोबर समेवर पडते आणि आबांची मान तिच्यासोबतच हलते. सम काय असते ते तिला पुस्तकातून इतक्या लवकर कळलं नसतं.

निवड मात्र बघून करावी. २०२० ची 'बंदिश बँडिट्स' ही वेब मालिका रागसंगीतासाठी ऐकावी, शंकर-एहसान-लॉय यांचं काम छान आहे, पण त्यातली भाषा आजी आणि नातवंडांनी एकत्र ऐकायची नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा सिनेमा मोठ्यांनी जरूर बघावा, लहानांसोबत नको. लहानांना आधी 'बालगंधर्व' (२०११) दाखवावा, आनंद भाटे यांच्या आवाजातली पदं घरात आठवडाभर गुणगुणली जातात.

मैफिलीत भैरवी झाली की दुसरं काही गात नाहीत, घरीही बरेच जण ते पाळतात, आणि भैरवी संपल्या संपल्या भलताच व्हिडिओ सुरू होऊ नये म्हणून ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवतात.