प्रिन्स का पडायचा?

नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या आजीचा नियम. 1994 च्या उन्हाळ्यात मला त्यातून सूट मिळाली, कारण मी ‘कॉम्प्युटरच्या क्लासला’ जात होतो. धरमपेठेतल्या एका जुन्या घराचा पहिला मजला, दाराशी चपलांचा ढीग, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि आत चार कॉम्प्युटर. शिकवायचे बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा. पण रविवारी दुपारी शिकवणी नसायची, आणि सर आम्हा चार-पाच पोरांना तासभर गेम खेळू द्यायचे. मी आठवडाभर त्या तासाची वाट बघायचो.

तो तास बहुतेक वेळा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त जायचा. पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र तळघराच्या फरशीवरून पळत यायचा, खड्ड्याची कड दिसायची, मी बोट उचलायचो, आणि तरीही तो एखादं पाऊल पुढे जाऊन खाली खिळ्यांवर पडायचा. मागून मित्र ओरडायचा, “काऊन पडून राहिला बे सारखा? बटन आधी सोड ना!” मला वाटायचं, आपलं बोटच मंद आहे. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, ते गेम आतून कसे चालायचे हे शोधत गेलो, आणि एकेका पडण्याचं कारण सापडत गेलं. काही कारणं खरंच बोटात होती. बरीचशी नव्हती.

हा गेम जॉर्डन मेक्नर यांनी ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला. तो 1989 साली आला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडच्या पीसींवर चालेल अशी आवृत्ती निघाली. त्याआधीच्या बहुतेक गेममधली माणसं बाहुल्यांसारखी सरकत. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं, त्यातली एकेक चौकट घेतली आणि तिच्यावरून राजपुत्राची आकृती उतरवली. म्हणून त्याचं पळणं इतकं खरं वाटायचं. पण खरा पळणारा माणूस जागच्या जागी थांबत नाही. तोल सावरायला त्याला अर्धं-एक पाऊल लागतं. गेममध्येही तसंच होतं. पळण्याच्या चौकटी ठरावीक क्रमाने फिरत आणि तुम्ही बटण सोडलंत तरी पाय विशिष्ट स्थितीत आल्याशिवाय थांबण्याची क्रिया सुरूच होत नसे. त्यातच सेकंदाला साधारण बाराच चौकटी, म्हणजे एकेक चौकट सुमारे 80 मिलिसेकंदांची. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाचे 200 ते 250 मिलिसेकंद जातात, म्हणजे तीन चौकटी तिथेच संपल्या. कड दिसल्यावर बोट उचलणाऱ्याला वाचायची संधीच नव्हती. मित्राचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं: बटण आधी सोडायला हवं होतं. ज्या जिवंत चालीवर आम्ही भाळलो होतो, तीच आम्हाला खड्ड्यात घेऊन जात होती. आजही मला ही त्या गेमची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कीबोर्डचा दोष मात्र निराळा. काही गेममध्ये घाईघाईने कळा दाबल्या की यंत्र ‘टुक टुक’ करायचं आणि पडद्यावर काहीच घडायचं नाही. पीसीच्या बायोसमध्ये, म्हणजे कीबोर्डसारख्या भागांशी बोलणाऱ्या त्याच्या मूळ प्रोग्राममध्ये, दाबलेल्या कळा साठवायला जेमतेम पंधरा कळांची जागा होती. गेम त्या कळा वेळेवर उचलू शकला नाही की रांग भरायची, आणि सोळावी कळ नाकारली गेल्याचा तो आवाज असायचा. दोघांनी मिळून एकाच कीबोर्डवर खेळताना तर भांडणंच व्हायची: “माझं बटन लागून नाही राहिलं!” ते खरंच लागत नव्हतं. शंभर कळांना शंभर तारा द्यायच्या नाहीत म्हणून कीबोर्डच्या आत उभ्या-आडव्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक कळ एका उभ्या-आडव्या तारेला जोडते. एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की वीज वळसा घालून जाते आणि न दाबलेला चौथा कोपराही दाबल्यासारखा भासतो. ही गफलत टाळण्यासाठी अनेक कीबोर्ड अशा वेळी तिसरी कळ सरळ दुर्लक्षित करतात. त्या भांडणात दोन्ही पोरं निर्दोष होती.

क्लासमधल्या एका नव्या मशीनवर जुने काही गेम खेळताच येत नसत. शत्रू पडद्यावर दिसेपर्यंत आपण मेलेले. याचं कारण घड्याळात होतं. 1981 साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्‌झवर चालायचा. त्या काळी काही प्रोग्रामर गेमचा वेग राखण्यासाठी एक सोपी युक्ती करत: प्रोसेसरला मध्ये मध्ये रिकामे आकडे मोजायला लावायचं. एक ते हजार मोज, मग पुढचं चित्र काढ. सगळी यंत्रं सारख्याच वेगाची असेपर्यंत हे ठीक होतं. 286 आणि 386 हे वेगवान प्रोसेसर आले आणि तेच हजार आकडे डोळ्याची पापणी लवायच्या आत मोजून होऊ लागले. म्हणून कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचं बटण आलं. नाव टर्बो असलं तरी त्याचं खरं काम गरज पडेल तेव्हा यंत्र मुद्दाम मंद करण्याचं. खरं तर पीसीमध्ये सेकंदाला 18.2 वेळा ठोका देणारी एक स्वतंत्र चिप पहिल्यापासून होती, आणि तिचा ठोका प्रोसेसर बदलला तरी बदलत नसे. ज्यांनी त्या ठोक्यावर गेम बांधले, त्यांचे गेम नव्या मशीनवरही नीट चालले.

यंत्राच्या मंदपणातून एकदा मात्र फार मोलाची गोष्ट निघाली. 1978 साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. पडद्यावर 55 परग्रहवासी, आणि प्रोसेसर दर चौकटीला त्यातल्या एकालाच हलवू शकायचा. सगळ्यांना एक पाऊल सरकवायला 55 चौकटी लागत. तुम्ही त्यांना मारत गेलात की यंत्राचं ओझं कमी व्हायचं आणि उरलेले झपाझप सरकायला लागायचे. शेवटचा एकटा उरलेला तर वाऱ्यासारखा पळे. हे ठरवून केलेलं नव्हतं, पण निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं. खेळ पुढे जाईल तसा अवघड होत जावा, ही आज बहुतेक गेममध्ये असलेली रीत रुजवण्यात या गेमचा मोठा वाटा आहे.

आणि लाइट जाणं. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आमच्या शहराच्या उशाशी, तरी उन्हाळ्यात लाइट जायचीच. प्रिन्सला राजकन्येपर्यंत पोचायला साठ मिनिटं असत, आपण मेलो तरी घड्याळ चालूच राही. पन्नासाव्या मिनिटाला कूलरची घरघर थांबायची आणि पडदा मधोमध एक ठिपका होऊन विझायचा. कॉम्प्युटरच्या मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यात विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. हा भार सतत गळत असतो, त्यामुळे दर काही मिलिसेकंदांनी यंत्राला तो वाचून पुन्हा भरावा लागतो. फुटक्या माठांच्या रांगेत अखंड पाणी घालत फिरावं तसं. वीज गेली की पाणी घालणारा थांबतो. तासाभराचे कष्ट कुठे गेले, असं तेव्हा वाटायचं. ते काही मिलिसेकंदांच्याच उधारीवर टिकून होते.

टेट्रिसबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तिथे कारण यंत्रात नाही आणि बोटातही नाही. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात 1984 साली अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो इलेक्ट्रोनिका 60 या मशीनवर लिहिला. त्या मशीनला चित्रं काढता येत नसत, म्हणून पहिल्या टेट्रिसच्या विटा कंसाच्या चिन्हांनी बनल्या होत्या. चार चौरस जोडून होणारे सात आकार, दहा चौरस रुंदीची विहीर, वरून पडणाऱ्या विटांनी आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, एवढंच. आमच्या क्लासमध्ये एक दादा होता, इंजिनिअरिंगला असलेला. तो म्हणायचा, नीट डोकं लावलं तर टेट्रिस कितीही वेळ खेळता येतो. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून उरापोटावर खेळत राहायचो आणि विहीर भरली की स्वतःला दोष द्यायचो.

दादाचं म्हणणं चूक होतं. हायडी बर्गील या गणितज्ञ स्त्रीने 1997 साली ते सिद्ध करून दाखवलं. सातांतले दोन आकार नागमोडी आहेत, एक डावीकडे वळणारा आणि एक उजवीकडे. हे दोनच आकार आळीपाळीने येत राहिले, तर जगातला कितीही तरबेज खेळाडू 70,000 विटांच्या आत हरतोच. आणि विटा जर खरोखर यदृच्छेने पडत असतील, तर अनंत काळात अशी रांग कधी ना कधी येणारच. नाणं पुरेशा वेळा उडवलं तर सलग शंभर वेळा छापाही पडतो, तसंच हे. म्हणजे हरणं खेळाच्या गणितातच लिहिलेलं आहे. पुढे 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: कितीही मोठी विहीर चालेल असं धरलं, तर पुढे येणाऱ्या सगळ्या विटा आधीच सांगितल्या तरी सर्वोत्तम मांडणी शोधणं हा कॉम्प्युटरसाठीही कठीणातल्या कठीण प्रश्नांच्या वर्गातला प्रश्न आहे. हे वाचलं त्या दिवशी मला त्या उन्हाळ्यातली सगळी पोरं आठवली. कोणीतरी आम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्या दिवसांत आम्ही रात्री गच्चीवर झोपायचो. पाणी मारून गार केलेल्या गच्चीवर डोळे मिटले की विटा पडायला लागायच्या, हळूहळू, फिरत फिरत. हार्वर्डमधल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 2000 साली यावर प्रयोग केला. टेट्रिस खेळलेल्या अनेकांना झोप लागता लागता पडणारे आकार दिसले. विशेष म्हणजे ज्यांची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती मेंदूच्या इजेमुळे गेली होती, त्यांतल्याही काहींना ते दिसले. आपण हा गेम खेळलो होतो हेच त्यांना आठवत नव्हतं, आणि आकार तरी दिसत होते. अनुभव मेंदूत कुठे कुठे साठतो, याबद्दलचा हा मोठा पुरावा होता.

पॅकमॅनचा शेवट मात्र अपघाताने झालेला. 1980 च्या त्या गेममध्ये लेव्हलचा आकडा आठ बिटांत साठवलेला होता. आठ बिटांत 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. म्हणून 256 व्या लेव्हलला हिशोब कोलमडतो, पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात अक्षरांचा कचरा होतो आणि पुढे जाता येत नाही.

याहून जुना वैताग शब्दांचा होता. अमेरिकेत विल क्राउदर यांनी 1976 च्या सुमारास आणि नंतर 1977 मध्ये डॉन वुड्स यांनी भर घालून लिहिलेला ‘ॲडव्हेंचर’ हा चित्रांशिवायचा गेम. गुहेचं वर्णन वाचायचं आणि ‘दिवा घे’ अशी दोन शब्दांची आज्ञा टाइप करायची. योग्य क्रियापद सापडेपर्यंत गेम ढिम्म हलत नसे. तो शब्दाची पहिली पाचच अक्षरं तपासायचा. मी मराठीत असा गेम लिहायचा प्रयत्न केला तेव्हा लक्षात आलं, ही युक्ती आपल्याकडे चालणार नाही. आपला ‘दिवा’ विभक्ती लागली की ‘दिव्याला’, ‘दिव्यात’ होतो, सुरुवातच बदलते. मूळ शब्द ओळखायला वेगळे नियम लिहावे लागतात. माझा तो गेम अजून अर्धवट आहे, पण दिवा ओळखतो.

परत प्रिन्सकडे येतो, कारण एक पडणं सांगायचं राहिलं. चौथ्या लेव्हलला एक आरसा वाटेत उभा राहतो. त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली निघून पळून जाते आणि पुढे आपल्याला छळते: औषध पिऊन टाकते, दार लावून घेते. ही सावली मेमरी संपल्यामुळे जन्मली. राजपुत्राच्या चित्रांनीच मेमरी भरली होती, शत्रूसाठी वेगळी चित्रं ठेवायला जागा नव्हती. मेक्नर यांनी राजपुत्राचंच चित्र घेतलं, एक बिट बाजूला सरकवून मूळ चित्राशी ताडून पाहिलं, जिथे दोन्ही सारखे तिथे काळं आणि जिथे वेगळे तिथे उजेड. झगमगत्या कडांची एक आकृती तयार झाली. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर येते. तिला केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो, कारण ती आपणच आहोत. आम्ही तो संपूर्ण उन्हाळा तिला मारत राहिलो. म्यान करायचं बटण सगळ्यांना माहीत होतं, ते दाबायचं कोणाच्या मनात आलं नाही.

यंदा मे महिन्यात बहिणीचा मुलगा आमच्याकडे सुटीला आलाय. लॅपटॉपवर मी त्याला तो जुना प्रिन्स चालू करून दिला. दोन दिवस पडत राहिला, मग आपण होऊन बटण आधी सोडायला शिकला. काल दुपारी कूलरसमोर बसून त्याने बाराव्या लेव्हलला मला हाक मारली, “मामा, मी याला मारलं की मीच काऊन मरून राहिलो?”

मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. “अजून एकदा खेळ,” म्हटलं, “आणि त्याच्याकडे नीट बघ.”