विकेंद्रित झेडके रोलअप

झेडके (झिरो नॉलेज) रोलअप म्हणजे ब्लॉकचेनचे व्यवहार मुख्य चेनच्या बाहेर चालवायचे, शेकड्या-हजारांनी एका बॅचमध्ये गोळा करायचे आणि सगळा हिशोब बरोबर आहे याचा एकच छोटा गणिती पुरावा मुख्य चेनवर टाकायचा. मागे ‘विकेंद्रित’ लागलं की हे बाहेरचं काम कुणा एकाच्या हातात नाही असा अर्थ होतो. बहुतेक रोलअपांना पहिली गोष्ट जमलीय, दुसरी अजून पूर्ण जमायचीय, आणि खरं डिझाइन तिथेच आहे.

गरज का पडली, तर इथेरियम या ब्लॉकचेनवर प्रत्येक नोड (नेटवर्कमधला कॉम्प्युटर) प्रत्येक व्यवहार स्वतः चालवून बघतो, त्यामुळे बरीच वर्षं सेकंदाला जेमतेम १५ च्या आसपासच व्यवहार व्हायचे. झिरो नॉलेज पुराव्याची, म्हणजे आतली माहिती न उघडता गोष्ट खरी आहे हे पटवायची, कल्पना १९८५ ची, गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांची. रोलअपसाठी ती वापरायचा विचार २०१८ मध्ये बॅरी व्हाइटहॅट या टोपणनावाच्या डेव्हलपरने मांडला. नावावरून वाटतं की इथे व्यवहार लपवलेले असतात, पण बहुतेक रोलअपांत तसं काही नसतं, पुरावा छोटा असतो आणि पटकन तपासता येतो एवढाच गुण कामाला येतो.

बचत नेमकी कुठे होते ते एका व्यवहारात बघा. साधे इथर (इथेरियमचं चलन) पाठवायचे तर मुख्य चेनवर ११० बाइटच्या आसपास लागतात. रोलअपमध्ये २० बाइटच्या पत्त्याऐवजी खात्यांच्या ट्रीमधला ४ बाइटचा क्रमांक चालतो, नॉन्स (खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक) आधीच्या स्टेटवरून, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नोंदींवरून, कळतो म्हणून तो टाकायचा नाही, आणि ६५ बाइटची सही तर अख्खी गळते कारण ती खरी होती हे पुरावा बनतानाच तपासून झालेलं असतं. उरतात डझनभर बाइट. हे मात्र चेनवर गेलेच पाहिजेत, कारण नवीन स्टेट कुणाकडेच नसेल तर मर्कल ट्रीमधली (सगळी खाती एका हॅशमध्ये बांधणाऱ्या रचनेतली) आपली फांदी दाखवून शिल्लक सिद्ध करता येत नाही, म्हणजे पुरावा शंभर टक्के खरा आणि पैसे तरी अडकलेले. यासाठीच १३ मार्च २०२४ च्या डेनकुन अपग्रेडपासून इथेरियमवर ब्लॉब (डेटाचे तात्पुरते गठ्ठे) आहेत, एकेक १२८ किलोबाइटचा, साधारण १८ दिवस टिकणारा.

आता सिक्वेन्सर, म्हणजे व्यवहारांचा क्रम लावणारा. पुरावा त्याला खोटं बोलू देत नाही, पण तो एखाद्याचा व्यवहार घेतच नसेल तर गणिताला त्यात काहीच खटकत नाही. जून २०२४ मध्ये व्हेलोकोर हे एक्स्चेंज हॅक झाल्यावर, ते ज्यावर चालायचं त्या लिनिआ या झेडके रोलअपचा सिक्वेन्सर थोडा वेळ थांबवला गेला, हेतू चोरी अडवायचा होता, पण एका जागेवरून अख्खी चेन थांबवता येते हेही सगळ्यांना दिसलं. उपाय म्हणून मुख्य चेनवर एक सक्तीची रांग ठेवतात, तिथे कुणीही व्यवहार टाकायचा, आणि मुदत उलटून गेलेला व्यवहार वगळून आलेली बॅच मुख्य चेनवरच्या कॉन्ट्रॅक्टने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) घ्यायचीच नाही. इथे एक बारीक गोष्ट सुटते, रांगेत कुणी मुद्दाम बिघडलेला व्यवहार टाकला तर ‘हा चालत नाही, पुढे जा’ हेसुद्धा सर्किटला (ज्या गणिती नियमांवरून पुरावा बनतो त्यांना) सिद्ध करता आलं पाहिजे, नाहीतर त्या एकावर सगळं अडून बसतं. सिक्वेन्सर स्टेक (अनामत) लावलेल्यांमध्ये आळीपाळीने फिरवता येतो, किंवा क्रम लावायचं काम थेट मुख्य चेनच्या व्हॅलिडेटरांवर (ब्लॉक बनवणाऱ्यांवर) सोपवता येतं, ज्याला बेस्ड रोलअप म्हणतात. तायको हा रोलअप २०२४ मध्ये याच वाटेने सुरू झाला. दुसरी वाट मला जास्त पटते, फक्त तिथे व्यवहार ब्लॉकमध्ये गेल्याची खात्री मिळायला १२ सेकंदांच्या ब्लॉकची वाट बघावी लागते.

प्रूव्हर म्हणजे पुरावा बनवणारा, त्याच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, खोटा पुरावा आपोआप नाकारला जातो, पण काम जड आहे आणि कुणीतरी ते वेळेत करायला हवं. जो आधी पुरावा देईल त्याला पैसे असं ठेवलं तर सगळ्यात वेगवान मशीनवालाच दरवेळी जिंकतो आणि बाकीच्यांची वीज फुकट जाते. म्हणून आधी लिलाव किंवा पाळी, अनामत, मुदत, आणि मुदत चुकली की काम सगळ्यांना खुलं. शिवाय मेमपूलमध्ये (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांत) दिसलेला पुरावा कुणीही उचलून स्वतःच्या नावाने टाकू शकतो, तेव्हा प्रूव्हरचा पत्ता पुराव्याच्या पब्लिक इनपुटमध्येच (तपासताना सगळ्यांना दिसणाऱ्या भागातच) बांधायचा. पुराव्याच्या प्रकारांत ग्रॉथ१६ खूप छोटा पण प्रत्येक सर्किटसाठी वेगळा ट्रस्टेड सेटअप (गुप्त आकडे वापरून केलेली आणि ते नंतर नष्ट केले यावर विश्वास ठेवावा लागणारी तयारी) मागतो, स्टार्कला सेटअप नको पण आकार मोठा, त्यामुळे आत स्टार्क आणि शेवटी त्यावर ग्रॉथ१६ किंवा प्लॉंकचं वेष्टण असं बरेच जण करतात.

एखादा रोलअप किती विकेंद्रित आहे ते बघायचं तर मी आधी अपग्रेडची चावी कुणाकडे आहे ते बघतो. पुरावा तपासणारा कॉन्ट्रॅक्ट चार-पाच सह्यांनी रातोरात बदलता येत असेल तर वरची सगळी मेहनत त्या चार-पाच जणांच्या भल्या मनावर उभी आहे. सर्किटमध्ये चुका निघतात हे खरं, त्यामुळे सुरुवातीला चावी ठेवणं समजू शकतं, पण बदल जाहीर झाल्यापासून लागू होईपर्यंतचा काळ बाहेर पडायला लागणाऱ्या काळापेक्षा मोठा हवा. अपग्रेडला ७ दिवस आणि सक्तीच्या रांगेची मुदत १४ दिवस असेल, तर पैसे काढायचा अर्ज मंजूर होईपर्यंत नियमच बदललेले असतात.