पराग नसलेलं कणीस

ज्वारीचा बीजोत्पादनाचा प्लॉट फुलोऱ्यात असला की सकाळी एखाद्या कणसावर टिचकी मारून बघा. नर ओळीतल्या कणसातून पिवळी भुकटी उडते, बोटांना चिकटते. शेजारच्या मादी ओळीत मारा, काहीच नाही. परागकोश आहेत, पण फिकट आणि पोचट. ताटं मात्र तेवढीच तरारलेली.

बिघाड आहे तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. पानं उन्हात साखर बनवतात हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ती साखर जाळून मुळापासून शेंड्यापर्यंत रात्रंदिवस ऊर्जा पुरवण्याचं काम या कणिकांचं. मग त्यांच्यातला दोष परागातच का दिसावा? पराग घडवणं झाडाला फार महागात पडतं, हे त्याचं एक उत्तर. परागकोशाच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढत्या परागाला पोसतात. मक्यात त्या काळात या पेशींतल्या तंतुकणिका सुमारे ४० पट होतात! एरवी खपून जाणारी छोटी खोट अशा ओढाताणीत उघडी पडते.

ही खोट टिकते कशी, तेही मजेशीर आहे. तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो आणि तो बहुतेक वनस्पतींत फक्त आईकडून येतो. पराग मेला तरी त्यांचं काही बिघडत नाही, त्या बीजांडातून पुढे जातातच. नुकसान होतं ते केंद्रकाचं, कारण त्याची जनुकं परागातूनही पुढे जातात. म्हणून केंद्रकात यावर उतारा ठरणारी, पराग पुन्हा सुरू करणारी जनुकं आढळतात.

संकरित बियाणं बनवणाऱ्या पैदासकारांना नेमकं हेच हवं होतं: मादी ओळीला स्वतःचा पराग नसावा, तिनं शेजारच्या नर ओळीचाच घ्यावा. ज्वारीचं फूल इतकं बारीक की एकरभर पिकाचे परागकोश चिमट्यानं काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. १९५४ साली टेक्ससमध्ये मिलो ज्वारीच्या पेशीद्रवात (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग, तंतुकणिका यातच असतात) काफिर ज्वारीचं केंद्रक आणून नरवंध्य, म्हणजे पराग न देणारं, वाण मिळवलं गेलं. त्याच वाटेनं १९६४ मध्ये भारतात ‘सीएसएच-१’ हे संकरित वाण आलं. आपल्याकडे जिला नुसतं ‘हायब्रीड’ म्हणतात, ती ज्वारी याच कुळातली. नर ओळीत मात्र उतारा देणारं जनुक लागतंच, नाहीतर शेतकऱ्याच्या रानात कणसं येतील आणि दाणे भरणार नाहीत.

अमेरिकेत मक्याला हा सोपा मार्ग भोवला. १९७० साली तिथला जवळपास ८५ टक्के मका एकाच ‘टेक्सस’ पेशीद्रवाचा होता. त्याच्या तंतुकणिकांच्या आतल्या पडद्यात एक जादा प्रथिन असतं. करपा आणणाऱ्या बुरशीच्या एका प्रकाराचं विष नेमकं त्यालाच चिकटतं, पडद्याला भोकं पडतात आणि पेशीचा ऊर्जापुरवठाच कोलमडतो. त्या वर्षी देशातलं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक गेलं.

त्यानंतर बियाणं कंपन्यांनी सुट्टीतली शाळकरी पोरं पुन्हा शेतात उतरवली, मक्याचे पराग देणारे तुरे हातानं खुडायला.