कॅमेरा ट्रॅप आणि रेडिओ कॉलर, यात फरक काय?

कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला असं वाचलं की बऱ्याच जणांना वाटतं वाघ पिंजऱ्यात अडकला, नाहीतर त्याच्या गळ्यात काहीतरी बांधलंय. दोन्ही नाही. ट्रॅप कॅमेरा म्हणजे वाटेकडेच्या झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली डबी, समोरून गरम अंगाचं काही हललं की फोटो काढते. वाघाला हातही लावावा लागत नाही.

कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात आणि एकाच बाजूचा फोटो असला तर एकच वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते, वाघांचे ७६,६५१ फोटो मिळाले, आणि पट्टे जुळवून जुळवून शेवटी वेगळे वाघ निघाले २,४६१ (बछडे सोडून). मला तर हे काम फार मोठं वाटतं. बिबटे असेच ठिपक्यांवरून ओळखतात, पण मलेशियात बिबटे जवळपास सगळे काळे, ठिपके दिसतच नाहीत, तर तिथे कॅमेरे दिवसासुद्धा इन्फ्रारेडवर चालतील असे केले आणि काळ्या कातडीतले ठिपके फोटोत उमटले.

पण कॅमेरा जिथे बांधलाय तिथलंच सांगतो. वाघ पुढे कुठे गेला ते रेडिओ कॉलर, म्हणजे गळ्यात बांधलेलं सिग्नल देणारं यंत्र, सांगते. त्यासाठी मात्र डार्ट मारून बेशुद्ध करावं लागतं, जोखीम असते, खर्च असतो, म्हणून मोजक्याच जनावरांना लावतात. जीपीएस कॉलर ठरावीक वेळाने जागा नोंदवते आणि नकाशावर बराच वेळ एकाच जागी ठिपके साचले की माणसं तिथे जाऊन बघतात, बरेचदा शिकार सापडते.

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या ‘वॉकर’ नावाच्या वाघाचंच बघा. नुसते कॅमेरे असते तर एक फोटो टिपेश्वरचा, एक बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याचा, संपलं. कॉलर होती म्हणून कळलं की २०१९ मध्ये तो पाच महिन्यांत १,३०० किमी फिरला, मध्ये तेलंगणातही जाऊन आला, आणि ही चाल शेतांतून, कालव्यांच्या कडेने, रस्ते ओलांडत. आपण ज्याला जंगल म्हणतच नाही तिथून वाघ जातात, हे अशा नकाशाशिवाय कुणाला पटलं असतं?

कॉलरची बॅटरी मात्र संपते. वॉकरची कॉलर २०२० मध्ये रिमोटने सोडवली, त्यानंतर त्याला ओळखायला उरले ते पट्टेच.